वाचकांचे प्रश्न : गोळी, जिलेटिन आणि तुलना

प्रश्न : पिस्तुलाच्या निरनिराळ्या काडतुसांची तुलना जिलेटिनच्या ठोकळ्यावर गोळ्या झाडून करतात. त्या ठोकळ्यात ना हाड, ना फुप्फुस, ना त्वचा. मग गोळी शरीरात काय करील, हे त्यावरून कसे ठरवायचे?

उत्तर : तसे ठरवता येत नाही, आणि जाणकार तसा दावाही करत नाहीत. जिलेटिन ही शरीराची प्रतिकृती नव्हे; गोळीला होणाऱ्या प्रतिकाराच्या बाबतीत स्नायूच्या जवळपास जाणारे ते एकजिनसी माध्यम आहे. बरगडीला घासून गोळी कुठे वळेल, हे त्यात दिसत नाही. मात्र दोन गोळ्यांची तुलना करायची, तर दोघींपुढचा अडथळा सारखाच असावा लागतो. मांसाचे दोन तुकडे कधीच सारखे नसतात, आणि म्हणूनच जो एकजिनसीपणा आपणांस उणीव वाटतो, त्याच्याच आधारावर ही चाचणी उभी आहे.

हा सारखेपणा आयता मिळत नाही. अमेरिकी लष्करातील शल्यचिकित्सक मार्टिन फॅक्लर यांनी डुकराच्या स्नायूशी ताडून पाहून १० टक्के जिलेटिन ४ अंश सेल्सिअस तापमानाला वापरण्याची पद्धत रुळवली. काही ठिकाणी २० टक्के जिलेटिन १० अंशांवर वापरतात, आणि या दोन पद्धतींतील आकडे एकमेकांशेजारी मांडता येत नाहीत. मिश्रण करताना जिलेटिन जास्त तापले तर ते कमकुवत होते, आणि चाचणीपूर्वी ठोकळा उबदार राहिला तर गोळी अधिक खोल जाते. म्हणून आधी सुमारे १८० मीटर प्रतिसेकंद वेगाने ४.५ मिमी व्यासाचा पोलादी छर्रा झाडून पाहतात. तो साडेआठ सेंटिमीटरांवर, फार तर एक सेंटिमीटर अलीकडे किंवा पलीकडे थांबला, तरच ठोकळा ग्राह्य धरतात. ज्या चाचणीत या छऱ्याचा उल्लेखच नाही, तिचे आकडे मी तरी बाजूला ठेवतो.

या चाचणीला आजचे महत्त्व आले ते एका चकमकीमुळे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने झाडलेली ९ मिमीची पोकळ टोकाची गोळी हल्लेखोराच्या दंडातून आरपार जाऊन छातीत शिरली, पण हृदयापर्यंत पोहोचली नाही. त्यानंतरही तो लढत राहिला आणि त्या चकमकीत दोन अधिकारी प्राणास मुकले. खरे तर ती गोळी लवकर फुलून, म्हणजे टोक पसरून रुंद होऊन, लवकर थांबावी अशाच हेतूने बनवलेली होती. दोष तिच्यापेक्षा त्या अपेक्षेचा होता. पुढे एफबीआयने नवी चाचणीपद्धत आखली. तीत उघड्या ठोकळ्याबरोबरच जाड कपडे, पत्रा, भिंतीचे पॅनेल, प्लायवूड आणि मोटारीची काच यांच्या आडूनही गोळ्या झाडतात, आणि गोळी किमान १२ इंच, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर, आत जावी, पण १८ इंचांपलीकडे जाऊ नये, अशी अपेक्षा धरतात. खालची मर्यादा बरीच मोठी वाटते. पण गोळी नेहमी समोरूनच लागते असे नाही, आड आलेला हात भेदूनही तिला आत पोहोचावे लागते, हे मायामीत दिसले होते.

प्रश्न : मंद गतीच्या चित्रफितींत ठोकळा फुग्यासारखा फुगतो. जास्त फुगवणारी गोळी अधिक परिणामकारक समजावी काय?

उत्तर : नाही. तो फुगवटा म्हणजे तात्पुरती पोकळी, आणि ती काही सहस्रांश सेकंदांत मिटते. पिस्तुलाची गोळी साधारणपणे ३०० ते ४०० मीटर प्रतिसेकंद वेगाने जाते. तेवढ्या वेगात ताणले गेलेले बहुतेक लवचीक ऊतक फाटत नाही, पूर्ववत होते. यकृतासारखा कमी लवचीक अवयव त्याला अपवाद ठरतो. पाहायचे ते दोनच आकडे : गोळी किती खोल गेली आणि थांबली तेव्हा तिचा व्यास किती होता. पूर्ण धातूचे आवरण असलेली ९ मिमीची गोळी फुलत नाही आणि ६० सेंटिमीटरांहूनही पुढे जाऊ शकते. पोकळ टोकाची गोळी फुलली की साधारण दीडपट रुंद होते आणि त्यामुळे लवकर थांबते. मात्र गोळीच्या टोकाच्या पोकळीत कापडाचे धागे ठासून बसले, तर ती फुलतच नाही आणि साध्या गोळीसारखी पुढे निघून जाते. कपड्यांआडून घेतलेली चाचणी उघड्या ठोकळ्यापेक्षा जास्त सांगते, ती यामुळेच. नळी आखूड असली की वेग घटतो, त्यामुळे तेच काडतूस दोन पिस्तुलांत दोन तऱ्हांनी वागू शकते. चाचणी कोणत्या नळीतून घेतली, हेही वाचावे. (फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरण्यास १८९९च्या हेग जाहीरनाम्याने मनाई केली, ‘डमडम’ हे त्यांचे जुने नाव आपल्या ओळखीचे आहे.)

प्रश्न : हल्ली पारदर्शक कृत्रिम जेलही मिळते. ते चालेल काय?

उत्तर : ते खनिज तेलापासून बनते, थंड ठेवावे लागत नाही, वितळवून पुन्हा वापरता येते आणि आत काय घडले ते स्पष्ट दिसते, सोय नाकारता येणार नाही. पण ते प्राणिज जिलेटिनसारखे वागत नाही, आणि अनेकदा गोळी त्यात कमी फुलते व अधिक खोल जाते. त्यामुळे एकाच जेलमध्ये झाडलेल्या दोन काडतुसांची ढोबळ तुलना करायला ते पुरते, परंतु त्यातील खोली १२ ते १८ इंचांच्या निकषाला लावू नये, कारण तो निकष १० टक्के जिलेटिनसाठी ठरवलेला आहे.