आज लाल आलं का?

"मॅडम, हे बघा ना," म्हणत एका मुलीच्या आईनं मोबाइल माझ्यापुढे सरकवला. त्यात सात आठवड्यांचे स्क्रीनशॉट होते. मुलगी दुसरीत. वर्गात मुलं टॅबवर एक उतारा मोठ्यानं वाचतात, सॉफ्टवेअर आवाज ऐकून मिनिटाला किती शब्द बरोबर आले ते मोजतं आणि पालकांच्या मोबाइलवर हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका पाठवतं. सात आठवड्यांत हिचा ठिपका एकदाच पिवळा झाला होता, एरवी लालच.

"डिस्लेक्सिया तर नसेल ना? मी वाचलं, दुसरीच्या मुलांना मिनिटाला 100 शब्द यायला हवेत. हिचे 33 येतात."

ही काळजी घेऊन येणारे पालक आता मला वरचेवर भेटतात, म्हणून ही गोष्ट लिहिते आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली होती. एक छोटी गोष्ट वाचून दाखवशील का, असं विचारल्यावर तिनं आधी खोल श्वास घेतला आणि सुटलीच. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, दम संपला तिथे थांबली. ससा कुठे लपला होता, असं मी विचारलं. तिनं आईच्या मोबाइलकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आज लाल आलं का?"

आईचा चेहरा पडला. रोज रात्री घरात हाच प्रश्न मोठ्या आवाजात विचारला जात होता. तो असा मुलीच्या तोंडून ऐकायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

त्या दिवशी मी कुठलीच चाचणी काढली नाही. मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवला आणि चित्रं काढून बसलो. मोराचं चित्र पाहून ती म्हणाली, "मोल." घर म्हणजे "घल". चित्र अचूक ओळखलं होतं, फक्त 'र' अजून जिभेवर बसला नव्हता. माझ्या मनात शंका आली ती तिथेच.

आईच्या संमतीनं मी वर्गशिक्षिकांशी बोलले. बाई मनापासून शिकवणाऱ्या, पण वर्गभर मुलांचे ठिपके बघता बघता ठिपक्याच्या आत डोकावायला त्यांना फुरसत मिळाली नव्हती. आत सगळं होतं. प्रत्येक वाचनाचं ध्वनिमुद्रण आणि चुकीचा धरलेला शब्द न् शब्द. आम्ही दोघी शेजारी बसून ऐकू लागलो. ताज्या उताऱ्यात तिनं मिनिटात 46 शब्द वाचले होते. सॉफ्टवेअरनं 13 चुकीचे धरले, म्हणून 33. त्या 13 पैकी 9 शब्द मोर, घर, वर, दार असे होते. म्हणजे ते तिनं वाचले होते, यंत्राला कळले नव्हते.

आवाज ओळखणारी यंत्रणा मोठ्यांच्या बोलण्यावर जितकी अचूक चालते तितकी लहान मुलांच्या बोलण्यावर चालत नाही. त्यांचा आवाज बारीक असतो, उच्चार अजून घडत असतात, मध्येच थांबतात, पुटपुटतात. 'र' तर मुलांच्या बोलण्यात उशिरा स्थिरावणारा ध्वनी. समोर बसलेल्या बाईंनी तो कान देऊन समजून घेतला असता.

उरलेले 4 शब्द मात्र खरंच चुकले होते. मागची ध्वनिमुद्रणं काढली तर तीच जात सापडली. 'स्वच्छ'चं ती 'सवछ' करत होती, 'कल्पना'चं 'कलपना', 'गुच्छ'चं 'गुछ'. काना-मात्रा पक्क्या, जोडाक्षरं कच्ची. हे बघून मला फार बरं वाटलं, कारण उद्या सकाळी वर्गात नेमकं काय शिकवायचं ते आता बाईंच्या हातात होतं. सॉफ्टवेअरची खरी किंमत मला इथे दिसते. ज्या शब्दांवर मूल अडतं त्यांची आठवड्यांची नोंद एकट्या शिक्षिकेला ठेवता येत नाही, ते यंत्र ठेवतं. रंगाचा ठिपका त्यातलं काहीच सांगत नाही, आणि सात वर्षांच्या मुलाला तो दाखवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढच्या भेटीत आई एकट्या आल्या. 100 शब्दांचं काय, हा प्रश्न अजून होताच. तो आकडा खोटा नाही. हॅसब्रुक आणि टिंडल या अमेरिकी वाचन-संशोधकांच्या 2017 च्या तक्त्यात दुसरीच्या अखेरीस मधल्या मुलाचा वेग मिनिटाला 100 बरोबर शब्द दिला आहे. पण तो तक्ता इंग्रजी वाचणाऱ्या मुलांचा. मी कागदावर 'झाडाखालच्या' लिहिलं आणि म्हटलं, "ताई, हा आपला एक शब्द. इंग्रजीत हेच म्हणायला तीन-चार शब्द लागतात. मग शब्द मोजून दोन्ही भाषांतली मुलं एका मापानं कशी मोजायची?"

रोजची चढउतारही त्यांना समजावून सांगितली. उतारा जरा अवघड निघाला, मूल कंटाळलेलं असलं की आकडा पाच-दहा शब्दांनी सहज हलतो. म्हणून जाणकार एका बैठकीत तीन उतारे वाचून घेतात आणि मधला आकडा धरतात. मग आठवड्यांची रेघ बघतात. लागोपाठ चार नोंदी अपेक्षित प्रगतीच्या रेघेखाली गेल्या तर शिकवण्याची पद्धत बदलायची, असा एक जुना ठोकताळा आहे. शिकवण्याची पद्धत, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

"मग मी बघायचंच नाही का?" त्या जरा तडकून म्हणाल्या. "पहिल्यांदा कळतंय की वर्गात काय चाललंय, तेही बंद करू?"

त्यांचं खरं होतं. बघू नका, असं मी कुठल्याच पालकाला सांगणार नाही. महिन्यातून एकदा बाईंच्या शेजारी बसून बघा, असं आम्ही ठरवलं. यंत्रानं नक्की काय मोजलं, चुका कुठल्या जातीच्या आहेत आणि पुढच्या महिन्यात वर्गात काय होणार, एवढं विचारायचं. मुलीच्या आवाजाची ध्वनिमुद्रणं कुठे साठवतात आणि कधी पुसतात, हेही विचारायला सांगितलं. हा प्रश्न शाळेला फारसं कुणी विचारत नाही, आणि विचारायलाच हवा. रोजच्या सूचना त्यांनी माझ्यासमोरच बंद केल्या. रात्री आता आई वाचणार, मुलगी ऐकणार. मोजायचं काही नाही.

समजून वाचण्याचं दुखणं वेगळं होतं. गफ आणि टनमर या संशोधकांनी 1986 मध्ये मांडलं की वाचून कळणं हा अक्षर उलगडण्याचा आणि भाषा समजण्याचा गुणाकार आहे; एक बाजू शून्य झाली की सगळं शून्य. जोडाक्षरं सोडली तर हिच्या दोन्ही बाजू धडधाकट होत्या. घड्याळाच्या भीतीनं ती अर्थापाशी थांबतच नव्हती. बाईंनी काही दिवस घड्याळ बंद ठेवलं, 'र'चे शब्द स्वतः ऐकून बरोबर धरले आणि रोज दहा मिनिटं जोडाक्षरं घेतली.

अडीच महिन्यांनी ती आली तेव्हा बोट ठेवून वाचत होती. 'स्वच्छ'पाशी अडली, मागे गेली, "सव... स्व... स्वच्छ" म्हणाली आणि पुढे सरकली. पानाच्या शेवटी मान वर करून तिनं मलाच विचारलं, "ससा पलत का गेला पण? त्याला तल भीती वाटत होती ना?"

'र'साठी वाचा-उपचार तज्ज्ञांची पहिली भेट पुढच्या आठवड्यात आहे.