इन्सुलिन एकदा सुरू केलं की आयुष्यभर सुटत नाही, हे खरं आहे का?

तुमच्या वडिलांना बारा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या पुरेनात म्हणून डॉक्टर इन्सुलिन घ्या म्हणतायत आणि घरचे म्हणतात, एकदा सुई लागली की सुटत नाही. हेच वाक्य आमच्या घरात धाकट्या काकांनी म्हटलं होतं, म्हणून लिहायला बसले.

माझ्या वडिलांना, अण्णांना, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन होतं. काकांच्या नादाने दिवाळीनंतर त्यांनी ते परस्पर बंद केलं. कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड सुरू. फ्रिजच्या दारात बाटली दिसायची, त्यामुळे आईला वाटायचं, घेतायत. चैत्रात नेहमीसारखे जोतिबाला गेले, अनवाणी. भर दुपारी तिथली दगडी फरशी कशी तापते ते गेलेल्याला सांगायला नको. घरी आले ते पायभर गुलाल घेऊन. दोन दिवसांनी न्हाणीच्या दगडावर बसवून मी त्यांचे पाय धुतले. गुलाल निघाला आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढा फोड दिसला, फुटलेला, कडा पांढऱ्या पडलेल्या. मी बोटाने बाजूला दाबलं. अण्णा आईशी पाण्याच्या पाळीबद्दल बोलत होते, ते बोलतच राहिले. "दुखत नाही?" विचारलं तर म्हणाले, "कुठं काय?" माझ्या पोटात गोळा आला.

एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, ११.८ टक्के निघाली, फारच जास्त. दवाखान्यात नायलॉनचा तंतू तळव्याला ठिकठिकाणी टेकवून "कळतंय का?" विचारलं, तर बहुतेक ठिकाणी कळतच नव्हतं. वाढलेल्या शुगरने पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. अंगठा काढावा लागला.

काका अजून लग्नकार्यात सांगतात, सुई घेतली म्हणून अंगठा गेला. काका, सुई सोडली म्हणून गेला. टाइप टूमध्ये, म्हणजे बहुतेकांना असते त्या शुगरमध्ये, स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी वर्षागणिक थकत जातात. काही गोळ्या त्याच पेशींना ढोसून काम करून घेतात. पेशीच उरल्या नाहीत तर ढोसून काय होणार? आजार पुढे गेला म्हणून इन्सुलिन लागतं, सवय लागते म्हणून नाही. १९२२ साली टोरांटोत मरणाच्या दारात असलेला १४ वर्षांचा मुलगा याच औषधाने उठला. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. त्या औषधाला दारू-तंबाखूच्या पंगतीला बसवू नका.

सुटतं का, तर काहींचं सुटतं. ऑपरेशन, मोठा जंतुसंसर्ग, गरोदरपण यासाठी सुरू केलेलं पुष्कळदा नंतर बंद होतं. जखम भरल्यावर अण्णांचं सकाळचं इंजेक्शन डॉक्टरांनीच थांबवलं, आता फक्त रात्री एकदा. तुमच्या वडिलांचं काय होईल ते त्यांचे रिपोर्ट बघून डॉक्टरच सांगतील, मी डॉक्टर नाही. आणि टाइप वन असेल, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नसेल, तर सुटण्याबद्दलचं यातलं काही धरू नका, तिथे एक दिवसही बंद करायचं नसतं.

मात्र रोज रात्री वडिलांचे तळवे तुम्ही स्वतः बघा. त्यांना विचारून कळणार नाही. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रोटीन तपासा. अण्णा अजून जोतिबाला जातात, पण पहाटे आणि जाड मोजे घालून. देवाच्या दारात मोजे कसले, म्हणून काकांनी तेव्हाही वाद घातला. मी ऐकून घेतलं नाही.

एक राहिलंच. इन्सुलिनच्या बाटलीवर ४० (एका मिलीत ४० युनिट) लिहिलेलं असेल तर सिरिंजही ४० चीच घ्या, १०० ची घेतली की डोस चुकतो. आणि इन्सुलिन घेणाऱ्याला घाम सुटला, हात थरथरले, तर लगेच शुगर मोजा. मशीन हाताशी नसेल तर शोधत बसू नका, शुद्धीवर असेपर्यंत तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा. आमच्याकडे साखरेचा डबा अण्णांच्या उशाशी असतो.