व्यवसायोपचार म्हणजे शिवणकाम नव्हे

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. धाकटी बहीण आठ महिन्यांपूर्वी मारहाणीला कंटाळून माहेरी आली. हाताचं हाड जुळलं, तरी ओट्यापाशी नुसती उभी राहते, एकटी बँकेत जात नाही, आणि आई म्हणते अंगचोरपणा करते. डॉक्टरांनी व्यवसायोपचाराला (ऑक्युपेशनल थेरपीला) पाठवलंय, तर तिथे शिवणकाम शिकवतात का, असं विचारलंत. मी सतरा वर्षं हेच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

'व्यवसाय' या शब्दाने घोटाळा होतो. इथे त्याचा अर्थ माणूस दिवसभर जे जे करतो ते सगळं: अंघोळ, वेणी, भाजी निवडणं, मुलाचा अभ्यास, पैशांचा हिशेब. आजाराने किंवा इजेने हे अडलं की ते पुन्हा जमवून देणं म्हणजे व्यवसायोपचार. कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात याचं शिक्षण सुरू केलं, तरी अजून बऱ्याच जणांना ते लकव्यापुरतंच माहीत आहे.

डोकं वाचवायला हात वर केला की घाव पुष्कळदा करंगळीच्या बाजूच्या हाडावर बसतो. प्लास्टर निघाल्यावर मूठ घट्ट वळत नाही, लाटणं फिरत नाही. ते आम्ही व्यायामाने, स्प्लिंटने (हाताला आधार देणाऱ्या पट्टीने), कणीक मळायला लावून सुधारतो. हा त्यातला सोपा भाग.

एका बाईंना मी आमच्या विभागातल्या ओट्यावर चहा करायला सांगितला. पातेलं ठेवण्याआधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाणी किती? साखर किती? आलं घालू का? गॅस बारीक करू? वीस वर्षं रोज चहा केलेली बाई. घरी साखर कमी पडली की कप भिंतीवर फुटायचा. मी विचारलं, "तुम्हाला कसा आवडतो?" बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "माहीत नाही." पुढचे कित्येक आठवडे आम्ही त्यावरच काम केलं. एके दिवशी त्यांनी कुणाला न विचारता गवती चहाची पात तोडून टाकली. त्या दिवशी मला भरून आलं.

तुमच्या बहिणीचं उभं राहणं बहुधा याच जातीचं आहे. आळस नाही तो. आईंना हे नक्की सांगा.

बँकेचंही तसंच. आधी स्लिप घरी भरायची, मग तुमच्याबरोबर जायचं, मग तुम्ही दाराशी थांबायचं. पुढची पायरी कधी, ते तिने ठरवायचं. आपण घाई केली की तिच्या दृष्टीने हुकूम सोडणारं माणूस फक्त बदलतं.

एक गोष्ट मात्र टाळू नका. डोक्याला मार बसला होता का, गळा दाबला होता का, हे डॉक्टरांना कळू द्या. विसरणं, गोंगाट सहन न होणं यामागे मेंदूची इजा असू शकते.

समुपदेशन आणि कायद्याची मदत आमच्या कामाबरोबरीने चालते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात अशा मारहाण सोसलेल्या बायकांसाठी २००० साली सुरू झालेलं 'दिलासा' केंद्र आहे.

पहिल्या भेटीला बरोबर जा, पण आत तिला एकटीला बोलू द्या. आणि आज संध्याकाळी दोन भाज्या तिच्यापुढे ठेवून विचारा, कोणती करूया? उत्तराला वेळ लागला तर थांबा, तुम्ही सुचवू नका.