फंक आणि आफ्रोबीट एकत्र ऐकायचं, तर ह्यू मासेकेलाचा कुठला अल्बम आधी लावावा?

१९७५ चा ‘द बॉइज डुइंग इट’. मासेकेला दक्षिण आफ्रिकेचा ट्रम्पेटवादक, पण हा ठेका पश्चिम आफ्रिकेतून आलेला. आफ्रोबीट घडवणाऱ्या नायजेरियाच्या फेला कुटीने त्याची घानाच्या हेडझोले साउंड्झ या बँडशी गाठ घालून दिली आणि १९७३ मध्ये नायजेरियातल्या लागोसला त्यांचा एकत्र अल्बम रेकॉर्ड झाला. तिथून ही वाट सुरू होते.

ऐकताना ट्रम्पेट थोडा वेळ बाजूला ठेवा. फंकमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नाचाच्या संगीतात, वजन पहिल्या मात्रेवर, आपल्या समेसारखं. आफ्रोबीटमध्ये तेच वजन ड्रम, कोंगा (हाताने वाजवायचा उंच ढोल) आणि गिटारच्या छोट्या, फिरत राहणाऱ्या तुकड्यात वाटलं जातं. आधी बेस धरा, मग कोंगा. मोबाइलच्या स्पीकरवर बेस जवळजवळ गायब होतो आणि उरतो नुसता ट्रम्पेट, म्हणून ‘एकसुरी आहे’ असं वाटतं. हेडफोन लावाच.

‘स्टिमेला’ हे त्याचं गाणं हवं असेल तर ते इथे नाही. ते १९७४ च्या ‘आय ॲम नॉट अफ्रेड’वर आहे. खाणमजुरांना जोहान्सबर्गकडे नेणाऱ्या कोळशाच्या गाडीचं गाणं. गाडीची शिट्टी तो तोंडानेच काढतो. ते मात्र नाचायला लावू नका.