चार तंतू, एक तार : ट्राउटसाठी निंफ

प्रश्न : एप्रिलमध्ये हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात ट्राउट मासे गरवायला जाणार आहोत. नकली माशी घरीच बांधून न्यायची इच्छा आहे. नवशिक्याला जमेल असा निंफ सुचवा आणि कृती सांगा. (एक वाचक, पुणे)

उत्तर : फेझंट टेल निंफ बांधा, म्हणजे फेझंट या लांब शेपटीच्या पक्ष्याच्या शेपटीतल्या तंतूंचा निंफ. मेफ्लायसारख्या कीटकांची पाण्याखाली वाढणारी पिल्लं म्हणजे निंफ; त्यांची नक्कल करणाऱ्या माशीलाही निंफच म्हणतात. ट्राउटचं बरंचसं पोट त्यांच्यावरच भरतं. इंग्लंडमध्ये विल्टशरच्या एव्हन नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयरने ही माशी बसवली. तिला दोराच लागत नाही. तांब्याची तार हाच दोरा, तेच वजन, आणि पिसं भिजली की त्यांच्याआडून दिसणारा तांबूस रंगही तिचाच.

सामान : १४ नंबरचा गळ (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो), ०.१ मिमी जाडीची तांब्याची तार साधारण ६० सेंमी, नर फेझंटच्या शेपटीतल्या मधल्या पिसाचे चार तंतू आणि नखांना लावायचं रंगहीन पॉलिश. गळ पकडायला छोटा व्हाइस हवा.

आधी गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने चेपून टाका. हे काम शेवटी करू नका : काटा चेपताना कधी कधी टोकच मोडतं आणि बांधलेली माशी वाया जाते. आता नेढ्यामागे दीड मिमी जागा सोडून तारेचे वेढे एकमेकांना खेटून गळाच्या बाकापर्यंत न्या. तार परत पुढे आणा आणि दांडीच्या पुढच्या तिसऱ्या भागात दहा-बारा वेढे जास्तीचे देऊन छातीचा उंचवटा करा. तार पुन्हा बाकाशी आणून सोडा.

चारही तंतूंची टोकं जुळवून ती बाकामागे ३ मिमी बाहेर राहतील अशी धरा आणि तारेच्या तीन वेढ्यांनी आवळा. ही झाली शेपटी. उरलेले तंतू तारेभोवती पाच-सहा पीळ देऊन एकत्र करा आणि तो पीळ नेढ्याकडे गुंडाळत न्या. मध्येच सुटू लागला तर पुन्हा पिळा. हा पीळ टाळून तंतू नुसतेच गुंडाळले तर ट्राउटचे दात पहिल्याच माशाला ते तोडतात.

नेढ्याशी पोचल्यावर तार वेगळी काढा, दोन वेढ्यांनी तंतू बांधा आणि तार उंचवट्यावरून त्याच्या मागच्या कडेला न्या. तंतू पाठीवरून मागे दुमडून तिथे बांधा. तार पुढे आणा, तंतूही पुढे दुमडा, बांधा, उरलेले कापा. पाठीवर दोन थर बसले की पंखांची काळसर घडी दिसू लागते. शेवटी तारेच्या चार अर्धगाठी मारा. उरलेली तार कात्रीने कापू नका, धार जाते. ती गोल फिरवत राहा, गाठीशी आपोआप तुटेल. गाठीवर पॉलिशचा एक थेंब टाका, मात्र नेढं बुजू देऊ नका.

प्रश्न : तार सारखी तुटते, आणि तयार झालेलं अंग दांडीभोवती गरगर फिरतं. (नाशिक)

उत्तर : ०.१ मिमी तार दोऱ्यासारखी खेचली की तुटणारच. ती जेमतेम ताठ राहील एवढाच ताण द्या. तारेला मोड पडली असेल तर तेवढा तुकडा टाकून द्या, ती त्याच जागी तुटते. अंग फिरतं ते पहिल्या थरातल्या फटींमुळे. तो थर झाल्यावर पॉलिश चोपडा आणि ओलं असतानाच पुढचं काम करा.

प्रश्न : या निंफच्या चित्रांत पाय असतात, तुमच्या कृतीत नाहीत. पाय राहिले का? (सांगली)

उत्तर : नाहीत. सॉयरने नक्कल केली ती पोहणाऱ्या निंफांची, आणि पोहताना ते पाय अंगाशी चिकटवून घेतात. पाय आणि छातीला मोरपिसाचे तंतू हा अमेरिकेतल्या अल ट्रॉथचा फेरफार. तोही मासे धरतो, पण नवशिक्याच्या हातून अंग जाड होतं आणि जाड अंग हळू बुडतं. पहिले दहा निंफ बिनपायाचे बांधा.

प्रश्न : फेझंटचं पीस इथे कुठून आणायचं? हिमाचलात पडलेली पिसं सापडतील का? (ठाणे)

उत्तर : ती उचलू नका. मोनाल, कलीज हे तिकडचे फेझंट वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. घरच्या तपकिरी कोंबड्याचं शेपटीचं पीस चालतं. त्याचे तंतू आखूड असतात, म्हणून चारऐवजी सहा घ्या आणि गळ १६ नंबरचा वापरा. पीस जुनं, ठिसूळ असेल तर तंतू बोटाने ओलसर करून घ्या. तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात ४२ गेज म्हणून मागा. तिच्यावर वार्निशचा थर असतो, त्यामुळे ती लवकर काळवंडत नाही.

प्रश्न : हा निंफ पाण्यात चालवायचा कसा? (पुणे)

उत्तर : प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाका, बुडू द्या. मासा असेल असं वाटतं त्या दगडाजवळ तो पोचला की काठीचं टोक वीतभर हळूच उचला. वर निघालेला निंफ पाहून ट्राउट झडप घालतो. मत्स्य विभागाचा परवाना आधी काढा. हिमाचलात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउट गरवायला बंदी असते, तुमचा एप्रिल त्यात येत नाही.