हॅकर म्हणजे चोर नव्हे, कळ सापडलेला माणूस

खानापूरच्या एका मुलीनं विचारलंय. ती बायोमेडिकल इंजिनिअरिंग शिकते, कॉलेजच्या प्रदर्शनात मराठी पोस्टर लावायचंय, तर पेसमेकर आणि इन्सुलिन पंप तपासणाऱ्या हॅकर मंडळींना मराठीत काय म्हणायचं? तिच्या सरांनी 'वैद्यकीय सायबर चोर' सुचवलंय.

अगं नको की! बातम्यांत रोज तेच, हॅकरनं खात्यातले पैसे उडवले. उडवले तर तो चोर, त्याला चोर म्हणा, नाहीतर कन्नडात कळ्ळ म्हणा. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञानाच्या विद्यापीठातली मॉडेल रेल्वे क्लबातली पोरं १९५० च्या दशकात वायरिंगमध्ये डोकं घालून काहीतरी नवीन चालवून दाखवायची, त्याला हॅक म्हणायची. चोरीचा संबंध काय? कोणी 'घुसखोर' म्हणतं, कोणी 'भेदक' म्हणतं. भेदक नजर असते, भेदक गोलंदाजी असते, स्वतःच्याच पोटावरचा पंप उघडून बघणारा भेदक कसा होईल?

आपल्याकडे 'कळ' असताना हे कशाला? यंत्राची कळ, दाबायची ती. हिंदीत कल-कारखाना, बंगालीत कल म्हणजे सरळ यंत्रच. छातीत येते तीही कळ. कळ लावणारा तो कळलाव्या. आणि कळणं. कोशवाले प्रत्येक कळीचं मूळ वेगळं दाखवतात आणि कळणं संस्कृतातल्या कल् धातूला नेऊन बांधतात, विषय संपला. मला ते पटत नाही. कन्नडात कलि म्हणजे शिकणे, कलिसु म्हणजे शिकवणे, बेळगावात दोन्ही भाषा एकाच ओट्यावर बसतात, एकीचं कलि नि दुसरीचं कळ एकमेकांना ओळखतच नव्हते असं पुण्यात बसून सांगू नये. ल चा ळ कधी होतो, कधी होत नाही, तो नियम दाखवतात मला. नियम मलाही ठाऊक आहे, पण शेजारपणालाही काही वजन असतं की नाही? आणि कळकळ बघा, कन्नडात कळकळि, अर्थ तोच. दुसऱ्याची कळ आपल्याला लागणं म्हणजे कळकळ, मी तरी असंच लावतो.

आता मेडिकलवाल्यांकडे बघा, सगळ्या कळा एकाच ठिकाणी भेटतात. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की छातीत बसवलेल्या डिफिब्रिलेटरला, म्हणजे हृदयाचे ठोके बिघडले की झटका देणाऱ्या यंत्राला, रेडिओवरून बाहेरून हुकूम देता येतात. २०११ ला जे रॅडक्लिफ, स्वतः डायबेटिसवाला, त्यानं लास व्हेगासमध्ये स्वतःच्याच इन्सुलिन पंपातला धोका मांडला. नॉर्वेची मारी मो सिक्युरिटीतली संशोधक, लंडनमध्ये जिना चढताना जीव गळून गेला, नंतर कळलं की तिच्याच छातीतल्या पेसमेकरची सेटिंग चुकलेली. कळ आली, कळ शोधली, मग कळलं.

आणि सगळ्यात आवडती म्हणजे 'कळ काढणे'. जरा कळ काढ की, असं आपण म्हणतो ना, म्हणजे सोस, थांब. २०१३ पासून डायबेटिसच्या लोकांची घोषणा आहे 'वी आर नॉट वेटिंग'. आम्ही थांबणार नाही हे त्याचं मिळमिळीत मराठी झालं, खरं मराठी म्हणजे 'आता कळ काढणार नाही'! डेना लुईस, तीही डायबेटिसवाली, तिला झोपेत साखर मोजणाऱ्या सेन्सरचा अलार्म ऐकू येईना, म्हणून तिनं नि स्कॉट लायब्रँडनं घरीच जोडाजोड केली, आणि २०१५ मध्ये कृत्रिम स्वादुपिंडाचा, म्हणजे साखर बघून आपोआप इन्सुलिन देणाऱ्या जोडणीचा आराखडा, ओपनएपीएस, सगळ्यांसाठी खुला केला. तो चालायचा कशावर, तर मेडट्रॉनिक कंपनीच्या जुन्या इन्सुलिन पंपांवर, कारण ते बाहेरचा हुकूम ऐकायचे. त्याच भोकापायी २०१९ मध्ये तसले पंप परत मागवले. एकाला जी भीती, तीच दुसऱ्याला रात्रीची झोप. चोर या शब्दात हे मावतं का? कळ या शब्दात मावतं.

घरगुती जीवशास्त्रवाले राहिलेच. २००८ पासून डीआयवायबायो नावानं ही मंडळी जमतात, २०१० मध्ये ब्रुकलिनला जेनस्पेस नावाची लोकांची लॅब निघाली. जनुक चालू-बंद करायलाही कळच लागते, त्यांनाही हाच शब्द चालेल.

तर पोस्टरवर 'कळकर' लिही. बेळगावच्या वडगावात विणणारा तो विणकर, तसा कळ शोधणारा कळकर, आडनावासारखा वाटला तर वाटू दे, आपल्याकडे अर्धं गाव करच आहे. पेसमेकर हॅक झाला याला, शोधून सांगितलं असेल तर 'कळ सापडली', आणि कोणी मुद्दाम नुकसान केलं असेल तर 'कळ फिरवली'.