मुलं परदेशात शिकायला का जातात आणि देश कसा ठरवायचा?

तुम्ही लिहिलंय की मुलगी केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिच्या मैत्रिणी एकेक करून बाहेर चालल्यात, तर एवढी मुलं जातात कशाला आणि हिला पाठवायचं तर कुठे. मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. एम.एस. युनिव्हर्सिटीतून केमिकलच केलं, मग जर्मनीत मास्टर्स, थोडी वर्षं तिथे नोकरी आणि आता परत इथेच. धाकटा भाऊ कॅनडाला गेला, त्यामुळे दोन्ही प्रकार घरातच बघितलेत.

माझ्या मते बहुतेक मुलं डिग्रीसाठी जातच नाहीत, डिग्रीनंतर तिथे थांबून नोकरी करायला जी मुदत मिळते ना, त्यासाठी जातात. अमेरिकेत सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांना एक अधिक दोन अशी तीन वर्षं मिळतात, पण पुढे तिथे नोकरी करायला लागणाऱ्या एचवनबी व्हिसाची लॉटरी, आणि नुसत्या हुशारीवर तो मिळत नाही. तरी २०२३-२४ मध्ये तिथे आपली ३ लाख ३१ हजारांवर मुलं होती, चीनपेक्षा जास्त. इंग्लंडचं मास्टर्स एका वर्षात उरकतं म्हणून लोकांना स्वस्त वाटतं, नंतर दोन वर्षं काम करता येतं, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष. कॅनडाने २०२४ पासून शिकायला येणाऱ्यांच्या परमिटच्या संख्येवर मर्यादा घातली आणि नोव्हेंबर २०२४ नंतर कॉलेजातल्या डिप्लोमावाल्यांना ठराविक विषय असतील तरच नंतरचं वर्क परमिट. म्हणजे नियम दर वर्षी बदलतात आणि दोन वर्षांपूर्वी गेलेल्याचा सल्ला आज लागू पडेलच असं नाही.

आणि आपल्याकडे देश ठरतो कसा, तर मामाचा मुलगा कुठे आहे त्यावरून! माझ्या भावाचं तेच झालं. मावसभाऊ टोरंटोजवळ होता, अलकापुरीतल्या एका एजंटने दोन वर्षांचा डिप्लोमा गळ्यात मारला, इंजिनिअरिंग झालेल्या मुलाला बिझनेसचा डिप्लोमा, कारण कमिशन त्या कॉलेजकडून मिळत होतं हे आम्हाला फार नंतर कळलं. बाबा रात्री जेवणाच्या टेबलावर घराची फाईल घेऊन बसायचे, आजोबांच्या नावचं घर तारण ठेवायचं म्हणून जुने कागद, मधेच कॅल्क्युलेटर, आणि आई काही न बोलता भांडी आवरायची. ते दृश्य अजून डोळ्यासमोर आहे. भाऊ आज बरा आहे, पण पहिली दोन वर्षं गोदामात रात्रपाळी केली आणि शिकलेलं काही कामाला आलं नाही. एजंटकडे जा हवं तर, पण त्याला कोण पैसे देतं हे आधी तोंडावर विचारा.

तुमच्या मुलीसाठी मी जर्मनी बघेन. सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी फी नाही, सेमिस्टरला शंभर ते साडेतीनशे युरोच्या आसपास वर्गणी भरायची, फक्त बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आपल्याला सेमिस्टरला १५०० युरो लागतात आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही आता फी लावलीय. पण फुकट म्हणून पैसे लागत नाहीत असं नाही, व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, महिन्याला ९९२ च काढता येतात. एपीएसचं, म्हणजे आपली कागदपत्रं तपासून खरी असल्याचं सर्टिफिकेटही आधी काढावं लागतं.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. आपल्याकडे एटीकेटी असते, राहिलेला पेपर देत राहा. तिथे बहुतेक ठिकाणी एका पेपरला तीनच संधी, तिसऱ्यांदा गेला की कोर्समधून बाहेर, आणि मग त्याच विषयात दुसऱ्या जर्मन युनिव्हर्सिटीतही घेत नाहीत. मी थर्मोडायनॅमिक्सला दोनदा नापास झाले होते. तिसऱ्या परीक्षेच्या सकाळी मेसमध्ये कॉफीचा कप हातात होता आणि हात इतका थरथरत होता की सॉसरवर टकटक आवाज यायला लागला, समोरच्या मुलीने गप्पपणे कप काढून घेतला. पास झाले.

अजून एक कारण असतं जे मुली घरी बोलत नाहीत, इथे आपल्याला मोकळं जगता येत नाही म्हणून जायचंय. बडोद्याला हे नवीन नाही. सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंडांची स्कॉलरशिप देऊन कोलंबियाला पाठवलं, परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा करार होता. ते १९१७ मध्ये आले, पण या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेत पारशी म्हणून राहावं लागलं आणि तिथूनही हाकललं. इथल्या कमाटीबागेत त्यांची संकल्पभूमी आहे, म्हणजे तेव्हा झाडाखाली बसून त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लढायचा संकल्प केला ती जागा, कधी आलात तर जा. कोण शिकायला जातं एवढंच आपण बघतो, परत आल्यावर त्याला जागा देतो का ते बघत नाही.

म्हणून मुलीशी एकदा शांतपणे बोला, नोकरी हवी, विषय हवा की घरापासून लांब राहायचंय. जे उत्तर येईल ते ऐकून घ्या, रागावू नका, त्यावरून देश बदलतो. जर्मनी ठरलं तर भाषा आतापासूनच सुरू करायला सांगा, कोर्स इंग्रजीत असला तरी इंटर्नशिप आणि नोकरी जर्मनवर अडते, निदान बी-वन, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत पोचलीच पाहिजे. एपीएसला वेळ लागतो, तोही अर्ज आधी टाका. तिला थेट माझ्याशी बोलायचं असेल तर मेसेज करू दे, रविवारी सकाळी मी मोकळी असते.